प्रदर्शनात ‘जीवसृष्टीचा उगम’ मांडायचाय? मिलरचं यंत्र राहू द्या, गाळाच्या बरण्या लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षिकेला डिसेंबरच्या विज्ञान प्रदर्शनात अकरावीच्या मुलांकडून ‘जीवसृष्टीचा उगम, माणसाचा विकास आणि परग्रहावरचं जीवन’ हा विषय मांडून घ्यायचा आहे. मुलांनी मिलर-युरे यांचा ठिणगीचा प्रयोग, म्हणजे आदिम पृथ्वीवरच्या हवेसारख्या वायूंत ठिणगी पाडून जीवनाचे रासायनिक घटक बनवण्याचा, करायचं मनावर घेतलंय. हाताशी साधी प्रयोगशाळा, एक सूक्ष्मदर्शक, थोडे पैसे आणि तीन महिने आहेत. जमेल का?

मॅडम, तो प्रयोग करू नका. तीन महिन्यांत त्याच विषयावर याहून भक्कम काम होऊ शकतं. पण आधी नकाराचं कारण सांगतो, कारण मुलं तुम्हाला तेच विचारणार.

स्टॅनली मिलरने १९५२ साली शिकागो विद्यापीठात हॅरॉल्ड युरे यांच्या मार्गदर्शनाखाली हा प्रयोग केला आणि १९५३ च्या मे महिन्यात तो छापून आला. ५ लिटरच्या फ्लास्कमध्ये मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन, खाली ५०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये उकळतं पाणी आणि आठवडाभर चालणारी उच्च विद्युतदाबाची ठिणगी, अशी त्याची मांडणी होती. यातली एक पायरी चित्रात कधीच दिसत नाही: वायू भरण्यापूर्वी आतली सगळी हवा पंपाने काढून टाकावी लागते. ती राहिली, किंवा आठवडाभरात एखाद्या सांध्यातून आत शिरली, तर काचेच्या भांड्यात स्फोटक मिश्रण आणि वर ठिणगी अशी अवस्था होते. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असलं तरी पेट घेतं. हायड्रोजनचा पल्ला तर ४ ते ७५ टक्के इतका मोठा आहे. शिवाय प्रयोग नीट चालला तर वाटेत हायड्रोजन सायनाइड तयार होतं. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, त्याच्यातूनच बनतात, तेव्हा ते टाळताही येत नाही. एवढी कारणं पुरेशी आहेत.

दुसरी अडचण कमी धोक्याची, पण जास्त शिकवणारी आहे. मिलरने अमिनो आम्लं ओळखली ती कागदी क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे कागदावर मिश्रणातले घटक वेगळे करून, आणि निनहायड्रिनने. निनहायड्रिन अमिनो आम्लाला जांभळा रंग देतं, पण ते आम्ल कुठून आलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. बोटांच्या घामातही अमिनो आम्लं असतात. पोलीस कागदावरचे ठसे याच रसायनाने उठवतात. म्हणजे मुलांनी फिल्टर पेपर हातमोजे न घालता धरला की ‘जीवनाचे घटक’ हमखास सापडणार! हे मुद्दाम करून दाखवा. कोऱ्या व्हॉटमन १ नंबरच्या कागदावर एकाचा अंगठा दाबून घ्या, ०.२ टक्के निनहायड्रिनचं अल्कोहोलमधलं द्रावण फवारा आणि १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये ५ मिनिटं ठेवा. फवारणी फ्यूम हूडमध्ये किंवा उघड्या गॅलरीत करा, ज्योतीजवळ नको. जांभळा ठसा उठेल. तो कागद फलकाच्या सुरुवातीलाच लावा आणि खाली प्रश्न लिहा: ‘हा पुरावा आहे की हाताची घाण?’ तुमच्या सगळ्या प्रदर्शनाचा कणा हाच प्रश्न असू द्या.

आता मुख्य काम. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात गंधकावर जगणारे जिवाणू अभ्यासले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा गाळाचा स्तंभ म्हणजे उजेडात ठेवलेला बरणीभर गाळ. दोन महिन्यांत त्यात काळा, हिरवा, जांभळा, तांबूस असे पट्टे आपोआप पडतात. ऑक्सिजन नसताना जीवसृष्टी कशी जगत होती ते त्यात डोळ्यांनी दिसतं. एक गोष्ट मुलांकडून आधीच स्पष्ट वदवून घ्या: या बरणीत जीवनाचा उगम होत नाही. तिच्यातला प्रत्येक जिवाणू आजचा आहे. दिसते ती जगण्याची जुनी रीत, आणि ती रीत सजीवांची आहे हे सिद्ध कसं करायचं, हा खरा प्रयोग. त्यासाठी एक बरणी पुरत नाही. पाच लागतात.

गाळ कुठून घ्यायचा, यावर निम्मं यश ठरतं. वाहत्या गोदावरीचा वाळूमिश्रित गाळ कामाचा नाही, आणि पावसाळ्यात पुराने वरचा थर धुऊन नेलेला असतो. शहराच्या खालच्या अंगाला सांडपाणी आणि डिटर्जंट मिसळलेलं असतं, शिवाय मुलांनी तिथे हात घालणं बरं नाही. नांदूरमध्यमेश्वरचा गाळ उत्तम आहे, पण ते अभयारण्य आहे, रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथली ओंजळभर मातीही आणू नका. शेततळी बहुतेक प्लास्टिकच्या कागदाची, त्यात गाळ नसतोच. गावतळं किंवा जुना पाझर तलाव शोधा, ज्याच्या काठाला पाणकणीस उगवलंय आणि काठी खुपसली की बुडबुडे आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो आला की गाळ चांगला समजा.

इथल्या भागाची म्हणून एक खास सूचना. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेतून येणाऱ्या ओहोळाचा गाळ घेऊ नका. केवडा या द्राक्षावरच्या रोगासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, वर्षानुवर्षं फवारलेलं असतं. त्यातलं तांबं मातीला धरून राहतं आणि शेवाळ, नीलहरित जिवाणू यांना ते विष आहे. अशा बरणीत वरचा हिरवा थर येतच नाही आणि मुलं उगाच उजेडाला दोष देत बसतात.

साधारण ४ लिटर गाळ आणि त्याच तळ्याचं ४ लिटर पाणी आणा. रबरी हातमोजे सक्तीचे. हाताला जखम असलेल्याने गाळात हात घालायचा नाही. मातीत धनुर्वाताचे जिवाणू असतात. आणल्यावर ३-४ मिलिमीटरच्या चाळणीतून काड्या, खडे, गोगलगायी, किडे काढा. एखादी अळी राहिली तर ती आठवडाभर थर ढवळत राहते.

मग पुढची पायरी, जी बहुतेक कृतींमध्ये नसते: गाळ ट्रेमध्ये बोटभर जाडीने पसरून दोन दिवस सावलीत ठेवा, मधूनमधून उलथा. काळा गाळ हळूहळू तपकिरी होईल. काळेपणा असतो आयर्न सल्फाइडचा. हवा लागली की त्याचा ऑक्सिडीकरणाने गंज होतो. हे केलं नाही तर सगळ्या बरण्या पहिल्या दिवशीच काळ्या असतील आणि ‘काळं कशामुळे झालं’ हा प्रश्नच उरणार नाही. दोन दिवस हवा लागल्याने ऑक्सिजन न सोसणारे सगळे जिवाणू मरत नाहीत, काळजी नको. वाळू मात्र देऊ नका, वरून तळ्याचंच पाणी शिंपडत राहा.

बरण्या काचेच्याच घ्या, ५०० मिलिलिटरच्या, जॅम किंवा मधाच्या, सगळ्या एका मापाच्या आणि प्रेशर कुकरमध्ये उभ्या मावतील अशा. कुकर हे नाव वाचून दचकू नका, त्याचं काम पुढे आहे. प्रदर्शनात लांबून उठून दिसावी म्हणून दीड-दोन लिटरची एक मोठी बरणी वेगळी लावायला हरकत नाही, पण तुलना या पाचांचीच.

सगळा गाळ एका बादलीत एकजीव करून मगच वाटून घ्या. बरण्या वेगवेगळ्या खेपेच्या गाळाने भरल्या तर नंतर दिसणाऱ्या फरकाला काहीच अर्थ राहत नाही. गाळात तळ्याचं पाणी घालत तो चमच्यावरून हळूहळू घसरेल इतपत सैल करा. प्रत्येक बरणीत एकूण ३५० मिलिलिटर गाळ जाईल. त्यातला खालचा १२० मिलिलिटर सकस करायचा: ५ ग्रॅम जिप्सम, ५ ग्रॅम अंड्याच्या टरफलांची पूड आणि ३ ग्रॅम वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे एका पानाचा साधारण तिसरा हिस्सा, बारीक फाडून पाण्यात भिजवून लगदा केलेला. रंगीत पान नको. कागद म्हणजे सेल्युलोज, ते अन्न. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ऑक्सिजन नसताना काही जिवाणू श्वसनासाठी सल्फेट वापरतात, त्याची ही शिदोरी. टरफलं आम्लता आवरतात आणि कार्बोनेट देतात.

जिप्सम कृषी सेवा केंद्रात मिळतं, चोपण जमिनीसाठी शेतकरी नेतात तेच. प्लास्टर ऑफ पॅरिस चालतं, पण कोरडं गाळात घालू नका, ते आत घट्ट होऊन बसेल. आधी पाण्यात कालवून वडी थापा, वाळल्यावर कुटा. विसर्जनानंतर काठावर सापडणारे मूर्तींचे तुकडे वापरू नका, रंगात जड धातू असू शकतात. टरफलांऐवजी खडू घ्यायचा मोह होईल. बाजारातले बरेच खडू जिप्समचेच असतात, तेव्हा कार्बोनेटचं काम होणार नाही. खात्री करायची तर खडूवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसला तर कार्बोनेट.

आपल्या गाळाला जिप्सम थोडं जास्त लागतं. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत लोह भरपूर असतं. जिवाणूंनी बनवलेलं सल्फाइड आधी या लोहाशी बांधलं जातं आणि गाळ काळा होत राहतो. ते भागल्यावरच मोकळं सल्फाइड उरतं आणि मग हिरव्या-जांभळ्या जिवाणूंची पाळी येते. त्यामुळे परदेशी कृतीत ‘तीन-चार आठवड्यांत जांभळा थर’ असं लिहिलेलं असलं तरी इथे सहा ते आठ धरून चाला.

भरताना सकस गाळ तळाशी, त्यावर साधा गाळ आणि प्रत्येक थरानंतर काचेच्या कांडीने टोचून अडकलेली हवा काढायची. काचेला चिकटलेला बुडबुडा म्हणजे ऑक्सिजनची कोठडी. तिच्याभोवती तपकिरी डाग पडतो आणि पट्टा तुटतो. वर दोन-अडीच सेंटीमीटर तळ्याचं पाणी आणि त्यावर तेवढीच मोकळी जागा. झाकण सैल. आत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होत असतो, घट्ट झाकण लावलेली बरणी फुटू शकते.

पाच बरण्या अशा. पहिली सगळं घातलेली, उजेडात. दुसरी तशीच, पण ॲल्युमिनियमच्या फॉइलने पूर्ण गुंडाळलेली. तिसरीत नुसता गाळ, जिप्सम आणि कागद नाही, उजेडात. चौथी आणि पाचवी पहिलीसारख्याच भरून कुकरमध्ये निर्जंतुक केलेल्या.

कुकरची रीत सांभाळून करा, काच आहे. तळाला फडकं, तीन सेंटीमीटर पाणी, बरण्या उभ्या, झाकणं सैल आणि वर फॉइल. शिट्टी झाल्यावर मंद आचेवर एक तास. मग गॅस बंद करून कुकर आपोआप निवू द्या. वाफ काढायची घाई केली तर गाळ उसळून कुकरभर होतो आणि बरणी तडकते. एकदा करून भागत नाही. मातीत बीजाणू करून बसणारे जिवाणू असतात आणि गाळाच्या मध्यापर्यंत उष्णता सावकाश पोचते. म्हणून बरण्या दिवसभर खोलीच्या तापमानाला ठेवून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी हेच पुन्हा. मधल्या वेळात वाचलेले बीजाणू रुजतात आणि पुढच्या फेरीत मरतात. कमी झालेलं पाणी उकळून निववलेल्या पाण्याने भरा. तोंडाला झाकणाखाली कापसाचा बोळा ठेवा, नाहीतर तीन आठवड्यांत हवेतून आलेलं शेवाळ वर तरंगायला लागेल.

उजेडाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण हल्ली सर्वांत जास्त बरण्या इथे फसतात. प्रयोगशाळेत सगळीकडे पांढऱ्या एलईडी ट्यूब असतात. त्यांचा उजेड डोळ्यांना लख्ख वाटतो, पण तो ७०० नॅनोमीटरच्या आसपास संपतो. जांभळ्या गंधक-जिवाणूंचं हरितद्रव्य प्रामुख्याने ८०० ते ८८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश घेतं, हिरव्यांचं ७५० च्या आसपासचा. एलईडीखाली ते उपाशी राहतात आणि वरचं शेवाळ तेवढं माजतं. उत्तरेकडची खिडकी सर्वांत चांगली. ती नसेल तर फिलामेंटचा जुना पिवळा ४० वॉटचा बल्ब, बरणीपासून ३०-४० सेंटीमीटरवर. थेट ऊन नको. बाहेरची काच ३५ अंशांच्या वर गेली तर थर विरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि वाढ थंडावते, तेव्हा बल्बची ऊबही उपयोगी पडते. पहिली, तिसरी, चौथी, पाचवी यांना उजेड सारखाच मिळाला पाहिजे. दर दोन दिवसांनी जागा बदला, पण बरणी फिरवू नका. फलकावर इथे एक ओळ टाकता येईल: आपल्या दीर्घिकेतले बहुसंख्य तारे लाल खुजे आहेत, त्यांचा प्रकाश मुख्यतः अवरक्त. ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या अशाच ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत. तिथे प्रकाशसंश्लेषण असलंच तर या जांभळ्यांची रीत तिथे जास्त सोयीची, असा तर्क शास्त्रज्ञ करतात.

सप्टेंबरच्या मध्याला सुरुवात केली तर साधारण असं दिसेल. दहा-पंधरा दिवसांत पहिल्या आणि दुसऱ्या बरणीचा तळ काळा पडेल. हे सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंचं काम, डेसल्फोव्हिब्रिओ आणि त्याचे भाऊबंद. महिन्याभरात पहिलीच्या वरच्या पाण्यात हिरवी साय, गाळाच्या माथ्यावर गंजासारखा तपकिरी पट्टा. ऑक्सिजन गाळात जेमतेम काही मिलिमीटर शिरतो, तेवढाच तो पट्टा. त्या सीमेवर कधी पांढरी जाळी दिसते, ती बेजियाटोआ या गंधक-जिवाणूची. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरभर काळ्या थराच्या वर हिरवे आणि त्यावर जांभळट-लाल डाग उमटून पट्टे होतील. हिरवे खाली, कारण त्यांना सल्फाइड जास्त सोसतं. दुसरीत, अंधारातल्या, काळं होईल पण हिरवं-जांभळं नाही. तिसरी बहुतांशी तपकिरी राहील. चौथी जशीच्या तशी. पाचवीचं पुढे सांगतो.

आता खरी मेख. चौथी बरणी बदलली नाही यावर परीक्षक विचारतील: ‘तुम्ही गाळ शिजवलात, जिवाणू मेले म्हणून काही झालं नाही, की शिजवल्याने गाळाचं रसायनच बिघडलं?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून पाचवी बरणी. चौथ्या आठवड्यात तिच्यात बादलीतला राखून ठेवलेला कच्चा गाळ चमचाभर, पिपेटने तळाशी सोडा. दुधाला विरजण लावतो तसं. चौथीत तेवढाच गाळ शिजवून घाला, म्हणजे झाकण उघडण्याचा आणि ढवळण्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा. पाचवी दोन-तीन आठवड्यांत तळापासून काळी पडली आणि चौथी पडली नाही, तर रसायन शाबूत होतं, उणीव फक्त सजीवांची होती, हे दाखवून झालं. कच्चा गाळ तोवर झाकलेल्या डब्यात पाण्याखाली ठेवा.

मंगळावर नेमकी हीच अडचण आली. १९७६ साली दोन व्हायकिंग यानं उतरली. एका प्रयोगात मातीला किरणोत्सारी कार्बन असलेलं पोषक द्रव पाजलं, तेव्हा किरणोत्सारी वायू बाहेर पडला. तीच माती १६० अंशांवर तीन तास भाजून पाजलं, तर वायू नाही. वरवर पाहता पुरावा पक्का. पण दुसऱ्यांदा द्रव पाजल्यावर वायू वाढायच्या ऐवजी घटला. खाणारं कुणी असतं तर वाढायला हवा होता. सोबतच्या उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थ मिळाले नाहीत. आणि १६० अंशांना जिवाणू मरतात तशी काही अस्थिर ऑक्सिडीकारक रसायनंही मोडतात, म्हणजे भाजलेल्या नमुन्याने दोघांत फरक दाखवलाच नाही. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट हे क्षार सापडल्यावर तापवलेल्या नमुन्यात सेंद्रिय पदार्थ का दिसले नसतील यालाही एक कारण मिळालं: गरम झालं की पर्क्लोरेट सेंद्रिय पदार्थांना जाळून टाकतं. बहुतेक शास्त्रज्ञ आज रासायनिक स्पष्टीकरण मानतात, प्रयोगाचा प्रमुख गिल्बर्ट लेव्हिन मात्र शेवटपर्यंत जीवनाच्या बाजूने होता. व्हायकिंगकडे तुमच्या पाचव्या बरणीसारखं काही नव्हतं. विरजण तिथे कुठून आणणार?

दुसरा दाखला ताजा आहे आणि तुमच्या काळ्या थराला लागूनच आहे. पर्सिव्हिअरन्स या मंगळावरच्या रोव्हरने जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवरात चेयावा फॉल्स नावाच्या चिखलदगडाचा नमुना घेतला. त्यावर कडेला गडद, आत फिकट असे ठिपके आहेत. सप्टेंबर २०२५ मधल्या शोधनिबंधानुसार त्यात दोन खनिजांच्या खुणा आहेत: व्हिव्हियानाइट, म्हणजे लोहाचं फॉस्फेट, आणि ग्रेगाइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड. पृथ्वीवर ही जोडी सेंद्रिय गाळात, अनेकदा जिवाणूंच्या हातून, तयार होते. ती जीवनाशिवायही होऊ शकते. म्हणून नासा त्याला ‘संभाव्य जीवखूण’ एवढंच म्हणते. त्या दगडाचं छायाचित्र पहिल्या बरणीशेजारी लावा.

के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाबद्दल मुलं विचारतीलच, एप्रिल २०२५ मध्ये ती बातमी सगळीकडे झळकली होती. तिथे डायमिथाइल सल्फाइडची, म्हणजे पृथ्वीवर मुख्यतः समुद्री शेवाळामुळे तयार होणाऱ्या रेणूची, खूण मिळाल्याचा दावा आहे, इतर गटांच्या विश्लेषणात ती टिकलेली नाही, आणि हाच रेणू ६७पी या धूमकेतूवरही आढळलाय. धूमकेतूवर शेवाळ नसतं! बेनू लघुग्रहाच्या, सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणलेल्या नमुन्याचीही हीच गोष्ट: सजीवांच्या २० पैकी १४ अमिनो आम्लं त्यात मिळाली, पण त्यांची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी डावी-उजवी रूपं जवळजवळ समसमान. सजीव प्रथिनांत डावीच वापरतात. अंगठ्याच्या ठशाचा कागद दाखवून हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं.

बरण्यांच्या दोन छोट्या चाचण्या करता येतील. पाच टक्के मोरचुदाच्या द्रावणात भिजवून वाळवलेली फिल्टर पेपरची पट्टी बरणीच्या मोकळ्या जागेत टांगा. सल्फाइड वायू आला तर ती तपकिरी-काळी होते. पट्टी पाण्यात पडू देऊ नका, तांब्याने वरचा थर मरेल. बऱ्याचदा सल्फाइड वर पोचायच्या आधीच संपतं आणि पट्टी निळीच राहते. अशा वेळी पिपेटने काळ्या थरातला थेंब काढून पट्टीवर टाका. सूक्ष्मदर्शकासाठी जांभळ्या थरातला थेंब लांब पिपेटने काढून ४०० पट वर्धनाखाली बघा. क्रोमॅशियम हा जांभळा गंधक-जिवाणू मिळाला तर पेशीच्या आत चमकदार कण दिसतात, ते साठवलेलं गंधक. डायफ्रॅम थोडा मिटला की ते जास्त उठून दिसतात.

काय बिघडतं ते एकत्र सांगतो. गाळ मधून तडकून वर उचलला गेला तर कागद जास्त झालाय. कांडीने वायू सोडा आणि पुढच्या वेळी कागद निम्मा करा. सगळी बरणीच काळी, दुसरा रंगच नाही, तर सल्फाइड अति झालंय किंवा उजेड कमी आहे. वरचं पाणी गर्द हिरवं होऊन काच झाकली गेली तर आतून कापसाने पुसा आणि पाण्याच्या भागाला बाहेरून काळा कागद लावा. चौथी बरणी फसफसली तर कुकरच्या फेऱ्या कमी पडल्यात. ती फेकू नका, ‘निर्जंतुकीकरण अपुरं’ अशी चिठ्ठी लावून मांडा. पण वेळ असेल तर नवी करा. अडचण टाळायला चौथीच्या सुरुवातीलाच दोन प्रती केलेल्या बऱ्या.

माणसाच्या विकासासाठी वेगळं मॉडेल नको, एक कागदी पट्टी पुरे. १ सेंटीमीटर म्हणजे १ कोटी वर्षं धरा. पृथ्वीचं वय ४५४ कोटी, म्हणजे पट्टी ४ मीटर ५४ सेंटीमीटर. आजच्या टोकापासून मागे मोजा: ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराचे सूक्ष्मजीवांचे थर ३४८ सेंटीमीटरवर, हवेत ऑक्सिजन साठू लागला तो २४० च्या आसपास. म्हणजे तुमच्या बरणीतलं काळं-जांभळं जग पट्टीचा मोठा भाग व्यापतं. कँब्रियनमधली प्राण्यांची रेलचेल ५४ वर, पांडवलेण्यांचा बेसॉल्ट ज्या लाव्हापासून बनला ते उद्रेक ६.६ च्या आसपास. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा सुटल्या ६-७ मिलिमीटरवर. केनियातली सर्वांत जुनी दगडी हत्यारं ३.३ मिलिमीटरवर, तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची दीड मिलिमीटरवर. आपली जात, होमो सेपियन्स, ०.३ मिलिमीटर, पेन्सिलीची रेघही त्याहून जाड. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांना गंगापूरजवळ गोदावरीकाठी अश्मयुगीन हत्यारं मिळाली, तो उल्लेख स्थानिक म्हणून आवर्जून करा. वाकलेलं माकड ताठ होत होत माणूस बनतं ते रांगेचं चित्र मात्र लावू नका. उत्क्रांती फांद्यांची आहे, शिडीची नाही.

बरण्यांचे फोटो पहिल्या दिवसापासून दर रविवारी, त्याच जागेवरून, त्याच उजेडात, शेजारी पट्टी आणि रंगांची चिठ्ठी ठेवून घ्या. परीक्षकांना तयार पट्ट्यांपेक्षा हा क्रम जास्त पटतो, आणि ने-आणीत एखादी बरणी हिंदकळून थर मोडले तर तेवढाच आधार उरतो. वाहतुकीच्या आदल्या दिवशी वरचं पाणी पिपेटने काढून ठेवा, बरण्या ओल्या टॉवेलात उभ्या गच्च बसवा आणि तिथे पोचल्यावर पाणी काठाने हळूच परत सोडा. प्रदर्शनात झाकणं कुणी उघडू नयेत. वास तर आहेच, पण गाळ शेवटी तळ्याचा आहे. नंतर तो झाडांपाशी फूटभर खड्ड्यात पुरा, ड्रेनेजमध्ये ओतू नका, आणि बरण्या उकळत्या पाण्याने धुऊन मगच पुन्हा वापरा.